ताई, तुमच्यात नाही येणार

तुळशीबागेत शिरलं की पहिली दहा पावलं आपण चालत नाही, गर्दी चालवते. मे महिन्यातल्या एका शनिवारी मी आणि माझी भाची अशाच वाहत जाऊन कुर्त्यांच्या एका स्टॉलपुढे अडकलो. स्टॉल म्हणजे भिंतीला ठोकलेली लोखंडी जाळी, तिच्यावर छतापर्यंत हँगर आणि वरचे कपडे उतरवायला टोकाला आकडा लावलेली काठी. मधोमध पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलेलं, 'फ्री साइज. एकच भाव.' वरच्या रांगेत निळा, अजरख छापाचा एक कुर्ता होता. मी मान वर करून बोट दाखवलं आणि 'तो...' एवढंच म्हणाले असेन. काठीवाल्या मुलानं माझ्याकडे एकदा पाहिलं.

"ताई, तुमच्यात नाही येणार."

उद्धटपणा अजिबात नव्हता. 'स्वारगेटची आत्ताच गेली' असं बसस्टॉपवर कुणी सांगावं तसं सांगितलं त्यानं. मी म्हटलं, "माझ्यासाठी नकोय, हिच्यासाठी." मग त्यानं भाचीकडे पाहिलं. तिच्यावर नजर जरा जास्त रेंगाळली, खांद्यावरून दंडावर आणि दंडावरून कमरेवर. "हिच्यात... बघावं लागेल. कापड स्ट्रेचेबल नाहीये." भाची मोबाइलमध्ये बघत होती, ती बघतच राहिली. पुढच्या स्टॉलवर आम्ही कानातली घेतली. कानातल्यांना माप नसतं.

'तुमच्यात' हा शब्द मला घरी पोचेपर्यंत पुरला. त्याला म्हणायचं होतं 'तुमच्या मापात'. पण बोलण्याच्या घाईत मधलं माप गळून पडलं आणि मीच माप झाले. आणि फ्री साइजची गंमत अशी की तिला चांगली ठणठणीत साइज असते. आतून टेप लावून पाहा, छाती ३८, फार तर ४०. त्याच्या आत असाल तर तुम्ही फ्री.

हे आकडे येतात कुठून म्हणून मी मागे एकदा शोधत बसले होते. (राग आला की मी माहिती गोळा करते. माझी बहीण भांडी घासते.) तयार कपड्यांसाठी बायकांची मापं घेण्याचा पहिला मोठा उद्योग अमेरिकेच्या शेती खात्यानं केला, १९३९-४० मध्ये. हो, शेती खात्यानं. कापूस, गहू आणि बायका. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन या दोघांनी जवळजवळ १५,००० बायका मोजल्या, प्रत्येकीची ५९ मापं, आणि १९४१ साली अहवाल काढला. गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं शेवटच्या हिशेबात धरलीच नाहीत. पुढे जगभर असे तक्ते झाले आणि आपल्याकडे तयार कपड्यांचा धंदा वाढला तो अशाच परक्या तक्त्यांवर बेतून. आपल्या लोकांची मापं घ्यायला हवीत हे सुचून निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेनं 'इंडिया साइज' नावाचा प्रकल्प काढला तो अगदी अलीकडे. देशातल्या ६ शहरांत २५,००० माणसं थ्रीडी स्कॅनरनं मोजायची. म्हणजे माझी मीडियम-लार्जची सगळी उमेदीची वर्षं परक्या बायकांच्या खांद्यांशी झगडण्यात गेली. ट्रायल रूममध्ये कुर्ता काखेत अडकून दोन्ही हात वर, तोंडावर कापड, बाहेर नवरा "झालं का?" विचारतोय आणि आत मी स्वतःलाच दोष देतेय. दोष कुणाचा, हे त्या अवस्थेत कुणाला सुचतं?

माझ्या आजीला मापच नव्हतं. मिरजेच्या वाड्यात ती नऊवारी नेसायची. सव्वाआठ मीटर कापड, शिवण एकही नाही, परकर नाही, नाडी नाही. वर खणाची चोळी, पुढे गाठ मारायची. खण गुळेदगुड्डचे, सीमेपलीकडून यायचे. सात बाळंतपणांत तिचं अंग किती वेळा भरलं आणि ओसरलं याचा हिशेब कापडाला द्यावा लागला नाही, गाठ थोडी अलीकडे किंवा थोडी पलीकडे. आजी चांगली घसघशीत होती. तिला कुणी जाड म्हटलेलं मी ऐकलं नाही, तिला 'भारदस्त' म्हणत. पण म्हणून त्या काळाचे गोडवे गायला मी बसलेली नाही. आजोबा गेले आणि तिला हिरवं शोभेनासं झालं. लाल शोभेनासं झालं. खणाचे काठ शोभेनासे झाले. अंग मोकळं होतं, रंग अडकला.

तोच शब्द आईच्या वाट्याला आला. ऐंशीच्या दशकात आईनं पहिला पंजाबी ड्रेस शिवला, तो 'प्रवासात बरा पडतो' या सबबीवर. पुण्याहून रात्रीच्या गाडीत ती ड्रेस घालून बसायची आणि सांगली मागे पडली की पिशवीतली साडी घेऊन हलत्या गाडीच्या बाथरूममध्ये शिरायची. मिरज स्टेशनवर उतरायची ती पदर सावरत. मी सहा-सात वर्षांची असेन. आई आत जाते ती एक आणि बाहेर येते ती दुसरी, याचं मला नवल वाटायचं. विचारलं तेव्हा म्हणाली, "तिथे नाही शोभत."

मराठीत बंदी घालायला 'शोभत नाही' एवढं पुरतं. यात सांगणाऱ्याकडे काही दोष राहत नाही. मी तुला अडवत नाही हो, घाल की खुशाल, पण तुला ते शोभत नाही. कापड आणि अंग यांच्यात काही रासायनिक क्रिया होते आणि सांगणारी फक्त लिटमस कागद.

आमच्या सोसायटीचा लिटमस कागद चौथ्या मजल्यावर राहतो. मी घरात थ्री-फोर्थ आणि टी-शर्ट घालते, दूध आणायला, इस्त्रीवाल्याकडे, कुरिअर घ्यायला त्याच वेषात खाली जाते. दुसऱ्या मजल्यावरची माझी मैत्रीणही तेच करते. इतकं तेच, की आमच्या थ्री-फोर्थ एकाच सेलमधल्या आहेत. दोनवर एक फुकट होती, फुकटची मीडियम निघाली म्हणून तिच्याकडे गेली, हे ओघानं आलं. तर एके दिवशी लिफ्टमध्ये आम्ही दोघी आणि चौथ्या मजल्यावरच्या काकू. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, म्हणाल्या, "किती सुटसुटीत गं!" मग माझ्याकडे वळल्या, चेहऱ्यावर खरी काळजी. "तुला आज बरं नाही का?"

काकू वाईट नाहीत. मला डेंगी झाला तेव्हा आठ दिवस त्यांच्याकडून मुगाची खिचडी आली. त्यांना खरंच तसं दिसलं. एकच कापड, एकच इलॅस्टिक, एकच गुडघ्याखालची उंची. बारीक अंगावर तो पेहराव असतो आणि माझ्या अंगावर आजारपण. वेष ठीक की बेठीक हे कापडावरून ठरत असतं तर एव्हाना आपण सगळ्यांनी नियम पाठ केले असते. देवळाचं निदान बरं, तिथे पाटी लावतात. तुळजापूरला मे २०२३ मध्ये तोकड्या कपड्यांबद्दल पाटी लागली, आरडाओरडा झाला आणि ती काढावीही लागली. पाटी काढता येते. लिफ्टमधली काढायची कुठून?

गाऊनचं तर पुराण लिहायला हवं कुणीतरी. झोपायचा कपडा म्हणून तो घरात आला आणि सकाळच्या दुधाबरोबर दारात, दारातून जिन्यात, जिन्यातून भाजीच्या गाडीपर्यंत पोचला. वाटेत त्यानं एक ओढणी मिळवली. गाऊनवर खांद्याभोवती ओढणी, ती न सापडली तर टॉवेल, तोही नसला तर मुलाच्या शाळेचा स्वेटर. या ओढणीनं काय झाकलं जातं हे विचारू नये. ती झाकण्यासाठी नसते, 'मला कळतंय मी गाऊनमध्ये आहे' एवढं कबूल करण्यासाठी असते. नवी मुंबईत रबाळ्याजवळच्या गोठिवलीत २०१४ साली तिथल्या बायकांच्याच मंडळानं दिवसा गाऊन घालून फिरणाऱ्या बाईला ५०० रुपये दंड लावायचं ठरवलं होतं. आंध्रातल्या तोकलापल्ली गावात २०१८ मध्ये दंड २,००० वर गेला, वेळ सकाळी सात ते संध्याकाळी सात, वर चुगली करणाऱ्याला १,००० रुपये बक्षीस. बातमी वाचून मी हसले. मग मनात आलं, आमच्या जिन्यात हे काम फुकट होतंय.

मला वाटतं गाऊनवर एवढा राग आहे तो त्याच्या सैलपणावर. गाऊनला कंबर नाही, हूक नाही, चेन नाही. अख्ख्या बाजारात खरी फ्री साइज तेवढीच. आणि भरल्या अंगाच्या बाईनं सैल घातलं की ती गबाळी, 'स्वतःकडे लक्ष नाही हो तिचं.' बेताचं, अंगाबरोबर बसणारं घातलं की, 'अगं, आपण आरशात बघावं जरा.' मधलं काही आहे का, याचा शोध मी पंचवीस वर्षं घेतेय. मधलं म्हणजे गडद रंगाचा, गुडघ्याखाली जाणारा, कोपरापर्यंत बाह्यांचा, उभ्या रेघांचा कुर्ता. माझ्या कपाटात तसे चौदा आहेत. आडव्या रेघा मी शेवटच्या कॉलेजात घातल्या.

पुरुषांचं एका परिच्छेदात उरकते, कारण त्यांनीही ते एका बर्म्युड्यात उरकलंय. रविवारी सकाळी आमच्या पार्किंगमध्ये बनियन, बर्म्युडा आणि त्यावर ओघळलेलं पोट घेऊन गाड्या धुणारे चार जण असतात. चौथ्या मजल्यावरून त्यांना कधी प्रकृतीबद्दल विचारणा झालेली नाही. राजकारणात 'वजनदार नेते' असतात आणि ती स्तुती असते. वजनदार बाई म्हणून पाहा कुणाला.

तसे आपण मराठी लोक अंगाबद्दल बोलायला मुळीच संकोचत नाही, आणि आपल्याकडे शब्द असे की ऐकणाऱ्याला भाजीबाजारात उभं राहिल्यासारखं वाटावं. बारीक ती चवळीची शेंग, जाड ती भोपळा, मधेच बटाटा, ढब्बू मिरची. बारीक मुलगा मात्र शेंग नाही, तो पाप्याचं पितर किंवा काडीपैलवान. लग्नानंतर माझं वजन चार किलो वाढलं तेव्हा एका कार्यात तीन जणी वेगवेगळ्या कोपऱ्यांतून येऊन तेच म्हणाल्या, "सासर मानवलं हो!" त्या वेळी मला ते गोड वाटलं होतं. बाळंतपणानंतर त्याच कौतुकाचं "जरा सुटलीस" झालं. चाळिशीनंतर कौतुक आणि टोमणा दोन्ही गेले, काळजी आली. "तुझ्या भल्यासाठी सांगते."

या काळजीला उत्तर नसतं. तब्येतीसाठी सांगतोय म्हटल्यावर आपण काय बोलणार?

मी तळजाईच्या टेकडीवर चालायला जाते. अकरा वर्षं जातेय, पावसाळ्यातले निसरडे दिवस सोडले तर आठवड्यातून पाच दिवस. तळजाईवर वेषाबाबत तशी लोकशाही आहे. सहावारी साडीवर पांढरे स्पोर्ट्स शूज, सलवार-कमीज आणि कानटोपी, धोतर, नव्या मुलींचे घट्ट टाइट्स, सगळं एका वाटेवर. तरी दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी अनोळखी गृहस्थ मला ओलांडून जाताना अंगठा दाखवतात. "छान! सुरुवात केलीत हे महत्त्वाचं." एकदा एक आजोबा थांबून म्हणाले, "पहिलाच दिवस ना? दमू नका." आणि खाली रस विकणारा मला न विचारता दुधीचा पेला पुढे करतो. माझ्या शेजारी चालणाऱ्या बारीक मैत्रिणीला तो विचारतो, "ताई, काय देऊ?" मला दुधीचा रस आवडत नाही. अकरा वर्षं मी तो पितेय, हेही सांगून टाकते.

घरात दादा आणि मी दोन मापांची. दादा म्हणजे पाप्याचं पितर, शाळेत त्याचा पट्टा दोनदा गुंडाळला जायचा. जन्मात त्याला कुणी "जरा चालत जा" म्हटलं नाही, उलट लग्नकार्यात त्याच्या पानात जिलब्यांचा आग्रह. अडतिसाव्या वर्षी ऑफिसच्या तपासणीत त्याची साखर २८० निघाली. माझी अजून पथ्याशिवाय नीट आहे. हे बढाई म्हणून सांगत नाही, उद्या माझीही वाढू शकते. पण हे अपवादाचंही प्रकरण नाही. आपल्या पुण्यातच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी यावर आयुष्य घातलंय. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, तंतोतंत एक, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दोघे शर्ट-पँटमध्ये चांगले सडपातळ दिसतात. एका डॉक्टरनं स्वतःच्या शरीराचा असा पुरावा करून छापावा याचं मला फार कौतुक वाटतं. आपल्याकडची बारीक माणसं आतून बारीक असतीलच असं नाही, हे सांगायला याहून सोपी गोष्ट नाही.

आणि तो बीएमआयदेखील मूळचा डॉक्टरी नव्हे. बेल्जियमचे अडॉल्फ केटले, खगोल आणि गणितातले गृहस्थ, त्यांनी १८३२ च्या सुमाराला 'सरासरी माणूस' कसा असतो याच्या शोधात वजन आणि उंचीचं ते गणित मांडलं. एकेका माणसाची प्रकृती ओळखायला ते केलेलंच नव्हतं. आजचं नाव त्याला १९७२ साली अँसेल कीज यांनी दिलं. तळजाईवरचे आजोबा हे गणित कुर्त्यावरून करतात, तेही चालता चालता.

आता माझ्याकडे येते. इतका वेळ टाळलं.

भाची सध्या इंटर्नशिपसाठी आमच्याकडे राहते, वय बावीस. तुळशीबागेनंतर आठ-दहा दिवसांनी आम्ही दोघी पावभाजी खायला निघालो. ती खोलीतून बाहेर आली ती पिवळ्या स्लीव्हलेस टॉपमध्ये. दंड माझ्यासारखेच, म्हणजे माझ्या आईसारखे, म्हणजे आजीसारखे, गोल, भरदार, कोपराच्या वर एक वळी. मी चपलांचा पट्टा लावत होते. मान वर केली आणि तोंडातून निघून गेलं, "वरून काहीतरी घे गं."

"का?"

मला खरं कारण माहीत होतं आणि तिलाही. मी म्हटलं, "गार वाटेल नंतर."

"मावशी, मे महिना आहे."

"तरी असू दे बरोबर."

मी हुकावरची माझी ओढणी काढून तिच्या हातात दिली. हे सगळं चार सेकंदांत झालं, विचार असा काही आलाच नाही. काठीवाल्या मुलानं निदान कापड ताणत नाही एवढं खरं कारण दिलं होतं. मी हवामानखात्यावर ढकललं. ती काही बोलली नाही. खाली गेलो. स्कूटर दुपारभर उन्हात होती, सीटला हात लावून तिनं 'आई गं' केलं, ओढणीची चौपदरी घडी घातली, सीटवर पसरली आणि मागे बसली. पावभाजी होईपर्यंत ओढणी गाडीवरच होती. तिचे दंड कुणी पाहिले असतील तर पाहिले असतील. मी मात्र सबंध वेळ बघत होते की कोण बघतंय.

याच्या आदल्याच महिन्यात मी पोहायला लागले होते, हे इथे सांगायला हवं, म्हणजे माझं ढोंग पुरतं लक्षात येईल. पालिकेच्या तलावावर दुपारी बायकांची बॅच असते. सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचा पोशाख आणि टोपी हवीच. पोशाख मिळवायला तीन दुकानं पालथी घातली, शेवटी पुरुषांच्या विभागातली मोठी शॉर्ट आणि वरून स्कर्ट जोडलेला एक जांभळा प्रकार मिळाला. पहिल्या दिवशी मी टॉवेल गुंडाळून थेट पाण्याच्या काठापर्यंत गेले, टॉवेल टाकणं आणि उडी मारणं एकाच श्वासात. पाण्यातून डोकं वर काढलं तर कुणी पाहिलंच नव्हतं. तलावात वीसेक जणी होत्या. पोटावर बाळंतपणाच्या टाक्यांची रेघ असलेल्या, मांड्यांवर निळ्या शिरांचं जाळं असलेल्या, एक सत्तरीपुढच्या आजी होत्या त्या पाणी गार आहे म्हणून सुरक्षारक्षक बाईंवर ओरडत होत्या. मला वाटलं, काय समजूतदार बायका आहेत! तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. आमच्यापैकी निम्म्याजणींचे चष्मे कपाटात असतात. माझा स्वतःचा नंबर उणे साडेचार, चार हातांवर कोण आहे ते मला रंगावरून कळतं. चेंजिंग रूममध्ये चष्मे डोळ्यांवर आले की सुरू. "तुम्ही पूर्वी बारीक असाल ना? चेहऱ्यावरून वाटतं."

आणि मीही, चष्मा पुसता पुसता, पलीकडच्या बाईच्या पोपटी पोशाखाकडे बघून मनात म्हटलेलं आहे, हिनं हा रंग नको होता घ्यायला.

निळ्या कुर्त्याचं राहिलंच. लक्ष्मी रोडवर तसंच अजरख कापड मीटरवर मिळालं. दोघींसाठी पाच मीटर घेतलं आणि टेलरकाकांकडे गेलो. काकांचं दुकान जिन्याखाली, एक मशीन, एक आरसा, भिंतीवर गळ्यांच्या नमुन्यांचा कळकट तक्ता. काकांकडे गिऱ्हाइकांची एक जाडजूड वही आहे. तिच्यात माझं पान १९९९ पासूनचं, जुना आकडा खोडून शेजारी नवा. आमच्या घरचा इतिहास इतका चोख दुसरीकडे कुठे लिहिलेला नाही. ३६ ला लग्न, ३८ ला मुलगा, ४० ला आई गेली, ४२ ला लॉकडाऊन. काका आकडे मोठ्यानं म्हणत लिहितात, त्यामुळे बाहेरच्या रिक्षास्टँडलाही माझा दंडघेर ठाऊक असावा. पण गेल्या पंचवीस वर्षांत आकडा वाढला म्हणून त्यांच्या भुवईत बदल झालेला मी पाहिलेला नाही. ते आत दीड इंच मार्जिन ठेवतात, दोन्ही बाजूंना. "पुढेमागे उसवायला बरं," म्हणतात. तयार कुर्त्यात शिवणीपलीकडे कापडच नसतं, ओव्हरलॉकचा दोरा सुटला की सगळं संपलं.

काकांनी आधी भाचीचं माप घेतलं. उंची, छाती, कंबर, सीट, मुंढा. "बाह्या?"

"नकोत," ती म्हणाली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, परवानगी मीच द्यायची असल्यासारखं. मी गळ्यांचा तक्ता वाचत राहिले. त्यांनी बाहीच्या रकान्यात फुली मारली.

मग माझी पाळी. मी ठरवून आले होते. आदल्या रात्री आरशासमोर जुन्या कुर्त्याच्या बाह्या खांद्यापर्यंत दुमडून पाहिल्या होत्या, दोनदा. काकांनी टेप फिरवली, ४४ म्हणाले, लिहिलं. मी श्वास घेतला, तोंड उघडलं, तोवर त्यांचं पेन पुढे गेलेलं होतं. उलट्या बाजूनं मला वाचता आलं : बाही कोपर. सैल.

"तुमचं नेहमीचंच," काका म्हणाले, "त्यात काय विचारायचं?"

भाची माझ्याकडे बघत होती. मागे दोघी जणी पिशव्या घेऊन ताटकळत होत्या, दुकानात पंखा एकच.

"काका," मी म्हटलं.

"हां, बोला ताई."

"मंगळवारपर्यंत मिळतील ना?"